टास्मानियन डेव्हिल रानात कसा पाहावा

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया या बेटावर जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांना टास्मानियन डेव्हिल दिसतो तो कुंपणाच्या आत. क्रेडल माउंटनजवळ आणि होबार्टच्या उत्तरेला ब्रायटन येथे त्यासाठी चांगली प्राणिकेंद्रे आहेत, आणि ज्याच्या हाती एकच दिवस आहे त्याने खुशाल तिथे जावे, कारण तेथे हा प्राणी दिवसाउजेडी आणि खात्रीने पाहायला मिळतो. पुढील मार्गदर्शन मात्र त्याला रानात, रात्री, त्याच्या स्वतःच्या वाटेवर पाहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी किमान तीन-चार रात्री हाताशी ठेवाव्यात आणि एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: हा कळपाने राहणारा प्राणी नाही आणि याची राखलेली हद्दही नसते, त्यामुळे तो कुठे राहतो हे शोधत बसण्यापेक्षा तो कुठून ये-जा करतो हे शोधणे फार अधिक उपयोगाचे ठरते.

डेव्हिल हा आज अस्तित्वात असलेला सर्वांत मोठा मांसाहारी शिशुधान प्राणी आहे, म्हणजे कांगारूप्रमाणेच याची मादीही पिल्ले पोटाच्या पिशवीत वाढवते. मोठा म्हटले तरी नर सरासरी आठ किलोच्या आसपास भरतो आणि मादी सहा किलोच्या. चांगला पोसलेला नर बारा किलोपर्यंतही जातो. अंग काळे, डोके शरीराच्या मानाने अवजड, पुढचे पाय मागच्यांपेक्षा किंचित लांब, छातीवर आणि ढुंगणावर बहुधा पांढरा पट्टा. काही डेव्हिलांच्या अंगावर असा एकही पट्टा नसतो, म्हणून केवळ पट्ट्यावरून ओळख ठरवू नये. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो सुमारे 3,000 वर्षांपूर्वी नाहीसा झाला, आणि आज मोकळ्या रानात तो पाहायचा तर टास्मानियाशिवाय पर्याय नाही.

त्याचे एकटेपण समजून घ्या

एकटा राहणारा प्राणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाघ किंवा बिबट्या येतो, म्हणजे स्वतःची हद्द आखून ती राखणारा आणि दुसऱ्याला आत न येऊ देणारा. डेव्हिलचे तसे नाही. एका डेव्हिलचे फिरण्याचे क्षेत्र साधारण 8 ते 20 चौरस किलोमीटर असते, पण त्याच क्षेत्रावर शेजारच्या तीन-चार डेव्हिलांचीही क्षेत्रे पसरलेली असतात आणि कोणीही कोणाला सीमेवर अडवत नाही. प्रत्येकजण आपापला निघतो, आपापला हिंडतो आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या बिळात परततो. एका रात्रीत तो सहज आठ-नऊ किलोमीटर चालतो, आणि सोळा किलोमीटर चालल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजेच एका जागी रात्रभर बसून राहिलात तर एखादा डेव्हिल त्या जागेवरून जाईल तो काही क्षणांपुरताच. पण जागा नीट निवडली असेल, तर एकाच रात्री वेगवेगळे दोन-तीन डेव्हिल तेथून एकेकटे जाण्याचीही शक्यता असते.

ते एकमेकांना भेटतात ते मुख्यत्वे दोन प्रसंगी. एक म्हणजे मोठे मढे सापडल्यावर, आणि दुसरा विणीच्या हंगामात, जो साधारण फेब्रुवारीत सुरू होऊन मार्च महिन्यात ऐन भरात असतो. नारावंटापू राष्ट्रीय उद्यानातील डेव्हिलांच्या गळ्यात, दोन प्राणी एकमेकांजवळ आल्याची नोंद करणारे पट्टे घालून केलेल्या अभ्यासात, जो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, असे दिसले की एकेकट्याने फिरणारे हे प्राणी प्रत्यक्ष भेटींच्या साखळीने सगळेच्या सगळे परस्परांशी जोडलेले होते. मला या प्राण्याविषयीची ही सर्वांत महत्त्वाची माहिती वाटते, कारण त्याच्यावर कोसळलेल्या संकटाचे मूळही तिच्यातच आहे.

ते संकट म्हणजे चेहऱ्यावरील गाठींचा रोग. हा एक संसर्गजन्य कर्करोग आहे. त्यात विषाणू नसतो. गाठीतील जिवंत पेशीच चावताना एका डेव्हिलकडून दुसऱ्याकडे जाऊन रुजतात. ईशान्य टोकाच्या माउंट विल्यम भागात 1996 मध्ये तो प्रथम छायाचित्रांत दिसला, आणि 2014 मध्ये दक्षिणेकडे अशाच प्रकारचा पण स्वतंत्रपणे उद्भवलेला दुसरा कर्करोग आढळला. संशोधकांच्या अंदाजानुसार 1996 च्या सुमारास 53,000 च्या घरात असलेली संख्या 2020 पर्यंत सुमारे 16,900 वर आली. ज्यांच्या अंगावर चाव्यांचे व्रण कमी, त्यांनाच हा रोग अधिक जडतो असेही एका अभ्यासात आढळले. म्हणजे चावा खाणारा नव्हे, तर दुसऱ्याच्या गाठीचा चावा घेणारा, वरचढ प्राणी आधी बळी पडतो. पाहणाऱ्याने हे जाणून असणे आवश्यक आहे, कारण आज ज्या रानात पूर्वी रात्रीत पाच-सहा डेव्हिल दिसत तिथे एखादा दिसला तरी ती समाधानाची गोष्ट मानावी लागते, आणि आमिष टाकून त्यांना एका ठिकाणी गोळा करणे हा केवळ नियमभंग नसून त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

जागा निवडताना

डेव्हिल टास्मानियात जवळजवळ सगळीकडे आढळतो, पण सगळीकडे सारखा आढळत नाही. पश्चिमेकडील घनदाट, ओल्या वर्षावनात आणि उंच उघड्या पठारांवर तो विरळ असतो. त्याची खरी पसंती कोरड्या निलगिरी वनांना, किनाऱ्यालगतच्या झुडपी रानाला, आणि जिथे रान संपून गवताळ कुरण सुरू होते त्या कडेला असते. कारण सरळ आहे: कुरणावर रात्री वॉलबी आणि पॅडेमेलन हे छोटे कांगारू, तसेच वॉम्बॅट हा बिळात राहणारा ठेंगणा शिशुधान प्राणी, चरायला उतरतात, शेजारच्या रानात दिवसा लपायला जागा मिळते, आणि त्या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जिवंत भक्ष्यही असते आणि मेलेलेही. म्हणून नकाशा पाहताना रानाच्या पोटात शिरण्याऐवजी रानाची कड धरावी. त्या कडेने जाणारी मातीची गाडीवाट, ओढा ओलांडण्याची जागा, दोन पायवाटांचा फाटा, ही डेव्हिलच्या येण्याजाण्याची ठिकाणे. आपल्याप्रमाणेच तोही दाट झुडपातून मुसंडी मारण्यापेक्षा मोकळी वाट पसंत करतो.

दिवसाची विश्रांती तो वॉम्बॅटने सोडलेल्या बिळात, पोकळ ओंडक्यात, खडकांच्या कपारीत किंवा दाट गवताच्या जाळीत घेतो. एका डेव्हिलची अशी तीन-चार ठिकाणे असतात आणि तो ती आलटून-पालटून वापरतो. बीळ सापडले म्हणून त्यासमोर ठाण मांडून बसू नये. विशेषतः ऑगस्टपासून वर्षअखेरीपर्यंत तर मुळीच नाही, कारण त्या काळात पिशवीत न मावणारी पिल्ले बिळात ठेवून मादी अन्नाच्या शोधात बाहेर पडते, आणि तिच्या दारात माणूस बसला तर तिचा परतीचा मार्गच बंद होतो.

प्रत्यक्ष ठिकाणांचा विचार करता माझी पहिली शिफारस मरिया बेटाची राहील. रोगापासून दूर, निरोगी डेव्हिलांची वस्ती असावी या हेतूने 2012 पासून तेथे डेव्हिल सोडण्यात आले. ते तेथे मूळचे नव्हते, आणि या निर्णयाची किंमत बेटावरील छोट्या पेंग्विनांनी मोजली. त्यांची वसाहत नाहीशी झाली, हेही सांगितले पाहिजे. पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या बेटाचे मोठे सोयीचे गुण आहेत. ट्रायाबना येथून बोटीने जाता येते, पर्यटकांना गाड्या नेता येत नाहीत, त्यामुळे रात्री पायी फिरणे निर्धोक असते, आणि डार्लिंग्टन येथे जुन्या कैदी-वसाहतीच्या इमारतीत किंवा तंबूत मुक्काम करता येतो. बेटावर दुकान नाही. अन्न, अंथरूण, टॉर्चचे जादा सेल सर्व सोबत न्यावे लागते.

मुख्य बेटावर डेव्हनपोर्टपासून जवळ असलेले नारावंटापू, ईशान्येचे माउंट विल्यम आणि वायव्य किनाऱ्यावरील मॅरावा ते आर्थर नदी हा पट्टा, हे तीन भाग विचारात घ्यावेत. वायव्येकडे रोग सर्वांत उशिरा सरकला. ब्रूनी बेट पर्यटकांत फार लोकप्रिय असले तरी तेथे डेव्हिल नाहीत; तेथे ईस्टर्न क्वोल हा मांजराहून लहान, ठिपकेदार, मांसाहारी शिशुधान प्राणी पाहण्यासाठी जावे.

दिवसा माग काढा, रात्री बसा

या सगळ्या खटाटोपातला सर्वांत रंजक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग दिवसाचा आहे. रात्री कुठे बसायचे याचा निर्णय दुपारीच घ्यावा लागतो, आणि तो अंदाजाने न घेता खुणा वाचून घ्यावा.

पहिली खूण विष्ठा. डेव्हिलची विष्ठा त्याच्या आकारमानाच्या मानाने फार मोठी असते. पंधरा सेंटिमीटर लांबी सामान्य समजावी. ती पिळलेल्या सुंभासारखी दिसते, कारण तिच्यात केसच केस असतात, आणि हाडे चावून खाल्ल्यामुळे तिचा रंग राखाडी ते पांढुरका होतो. महाराष्ट्रातील माळरानावर तरसाची पांढरी विष्ठा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा रंग लगेच ओळखू येईल. दोन्ही प्राणी हाडांसकट मढे फस्त करणारे आहेत. वाळलेला एखादा तुकडा काडीने उकलून पाहावा, हाताने नव्हे. आत पॅडेमेलनचे तपकिरी केस घट्ट गुंडाळलेले दिसतात, मधूनच हाडाची धारदार कपची, कधी एखादे अख्खे नख, आणि नशिबाने एकिडना या काटेरी मुंगीखाऊचा काटाही सापडतो. तो काटा ज्या आतड्यांतून सुखरूप बाहेर पडला त्या आतड्यांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

महत्त्वाचे म्हणजे विष्ठा एकटी-दुकटी पडलेली आहे की ढिगाने, हे पाहावे. डेव्हिल ठरावीक जागी विष्ठा टाकतात, आणि ती जागा एकाची नसून परिसरातील अनेकांची सामाईक असते. ओढ्याचा उतार, वाटांचा फाटा किंवा मोकळी वळणे येथे अशी जागा सापडते. नवी ओलसर, जुनी वाळलेली आणि पार विरून केवळ केस उरलेली अशी सर्व वयांची विष्ठा एकाच ठिकाणी दिसली, तर तिथे अनेक डेव्हिल पाळीपाळीने येऊन वास घेतात आणि स्वतःचा वास ठेवून जातात असे समजावे. प्रत्यक्ष भेट टाळून एकमेकांची वार्ता ठेवण्याची ही त्यांची रीत आहे. रात्री बसण्यासाठी याहून चांगली खूण दुसरी नाही.

दुसरी खूण पावलांची. पुढच्या पायाला पाच बोटे असतात, पण मातीत बहुधा पुढची चारच नीट उठतात. ती जवळजवळ एका ओळीत असतात आणि त्यामागची गादी चौकोनी दिसते. नखे आत ओढता येत नसल्याने त्यांचे ठसे नेहमी उमटतात. कुत्र्याच्या पावलात मधली दोन बोटे पुढे आलेली आणि गादी त्रिकोणी असते, त्यावरून फरक करता येतो. एकेका ठशापेक्षाही ठशांची रांग अधिक बोलकी असते: डेव्हिल दुडक्या चालीने धावतो, त्यामुळे दोन ठसे शेजारी-शेजारी, मग एक, मग आणखी एक, आणि पुन्हा दोन जवळ, असा क्रम वाळूत सलग दिसतो. समुद्रकिनारी सकाळी लवकर गेल्यास, वारा सुटण्यापूर्वी, ही रांग पुळणीवर कधीकधी खूप लांबवर मिळते, कारण लाटांनी किनाऱ्यावर टाकलेले मेलेले पक्षी आणि मासे शोधत तो भरतीच्या रेषेने चालतो.

जागा ठरली की वाऱ्याची दिशा पाहावी. टास्मानियात बहुतेक वेळा पश्चिमेचा जोरदार वारा असतो, आणि डेव्हिलचे नाक फार तीक्ष्ण आहे. म्हणून वाट आपल्या वाऱ्याकडच्या बाजूला येईल असे बसावे, म्हणजे आपला वास तिच्यावर जाणार नाही. वाटेपासून वीस-पंचवीस मीटर दूर, पाठीशी झाड किंवा झुडूप घेऊन, जमिनीलगत बसणे उत्तम. अत्तर, डास-प्रतिबंधक मलम, सोबत बांधून आणलेला मसालेदार डबा, यांतले काहीही त्या ठिकाणी उघडू नये. टॉर्चवर लाल काच किंवा लाल कागद लावावा. पांढरा झोत अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर मारला तर प्राणी काही काळ आंधळा होतो, आणि त्या काळात तो ओंडक्यावर आपटू शकतो किंवा गाडीखाली येऊ शकतो. लाल प्रकाशही त्याच्या तोंडावर न रोखता जमिनीवर, त्याच्या थोडा पुढे ठेवावा.

ऋतू उलटे असतात हे विसरू नये. डिसेंबरात होबार्टला सूर्य मावळायलाच पावणेनऊ होतात, म्हणजे खरा काळोख साडेनऊच्या पुढे. जूनमध्ये मात्र पावणेपाचलाच सूर्यास्त होतो आणि थंडी कडक असते. माझ्या मते जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ सर्वांत अनुकूल. त्या वर्षीची पिल्ले तेव्हा नुकतीच आईपासून सुटून स्वतंत्र झालेली असतात, अनुभवी नसतात, पुष्कळ हिंडतात, आणि झाडावरही चपळाईने चढतात, जे मोठ्यांना तितकेसे जमत नाही. पुढे मार्चमध्ये विणीच्या धामधुमीमुळे मोठेही अधिक वावरताना दिसतात.

दिसल्यावर, आणि ऐकू आल्यावर

पहिल्यांदा आवाजच फसवतो. तंबूशेजारी मध्यरात्री घशातून काढलेला खरखरीत, घोगरा आवाज आला की नवखा माणूस डेव्हिल आला म्हणून उठून बसतो, आणि शंभरातील नव्याण्णव वेळा तो ब्रशटेल पॉसम, म्हणजे झुपकेदार शेपटीचा, झाडावर राहणारा शिशुधान प्राणी असतो. एकटा चालणारा डेव्हिल बहुधा आवाज करीतच नाही. त्याच्या प्रसिद्ध किंकाळ्या ऐकू येतात त्या मढ्यावर दुसरा आल्यानंतर, आणि तेव्हा त्या रानभर घुमतात.

दिसताना तो असा दिसतो: काळ्या वाटेवर आधी छातीचा पांढरा पट्टा हलतो, मग डोलत्या चालीचा तो बुटका आकार स्पष्ट होतो, शेपूट मागे ताठ, नाक जमिनीला. क्वोलच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, त्यामुळे तिथे गल्लत होऊ नये. रानटी काळ्या मांजराची पावले मऊ आणि सरळ पडतात, त्यात ही डोलणारी लय नसते. शेपटाकडे मुद्दाम पाहावे. डेव्हिल शेपटीत चरबी साठवतो, म्हणून जाड शेपूट हे चांगल्या प्रकृतीचे लक्षण, आणि बारीक, लुकडे शेपूट हे उपासमारीचे किंवा आजाराचे. दुर्बिणीतून तोंडाच्या कडा, गाल आणि डोळ्यांखालचा भाग पाहावा. गाठ किंवा उघडी जखम दिसल्यास दिनांक, ठिकाण आणि दुरून घेतलेले छायाचित्र टास्मानियाच्या वन्यजीव विभागाकडे द्यावे.

नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरावर डेव्हिल आलेले पाहण्याचा योग आला, तर जागचे हलू नये. जो आधी आला तो खात राहतो. दुसरा आला की पहिला जबडा ताणून जांभईसारखे तोंड उघडतो, कान रक्त उतरून लालबुंद होतात, एक मोठी शिंक येते, आणि मग आवाज चढत जातो. अभ्यासकांनी या प्राण्याच्या अंगस्थितीचे सुमारे 20 प्रकार आणि आवाजाचे 11 प्रकार नोंदवले आहेत, आणि त्यांतला बराच साठा मढ्याभोवतीच खर्ची पडतो. हे सर्व पाहताना रक्तपात होणार असे वाटते, पण बहुतेक वेळा तो होत नाही: एकटे राहणाऱ्या, एकमेकांची सवय नसलेल्या प्राण्यांनी जखमी न होता एकाच ताटात जेवण्याची ही तडजोड आहे. पोट भरलेला हटतो, भुकेला पुढे सरतो. एका बैठकीत तो स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो, त्यामुळे परतताना त्याचे पोट जमिनीला टेकते की काय असे वाटते.

जाण्यापूर्वीची तयारी आणि रस्त्यावरची काळजी

टास्मानियात प्रवेश करताना जैवसुरक्षेची तपासणी कडक असते. ताजी फळे, भाज्या, ताजा कढीपत्ता, बियाणे यांपैकी काहीही सोबत नेऊ नये, आणि बुटांना व तंबूच्या खुंट्यांना चिकटलेली माती निघण्यापूर्वी धुऊन टाकावी. राष्ट्रीय उद्यानांसाठी प्रवेशपास लागतो. ट्रॅप कॅमेरा, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा, लावायचा असल्यास जमीनमालकाची किंवा उद्यान व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी. बेटावर सापांच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही विषारी आहेत, म्हणून उन्हाळ्यात दिवसा माग काढताना गवतात पाऊल टाकण्यापूर्वी बघावे आणि उंच बूट घालावेत. बूट रात्री तंबूच्या आत ठेवावेत. घामाचा वास असलेले चामडे डेव्हिल उचलून नेतो.

सर्वांत गंभीर सूचना गाडी चालवण्याविषयी आहे. मढे खाण्यासाठी डेव्हिल रस्त्यावर येतो, काळ्या डांबरावर तो काळा प्राणी दिसत नाही, आणि रोगाखालोखाल त्याला मारणारे कारण म्हणजे वाहने. संध्याकाळ ते पहाट या वेळेत शक्यतो गाडी काढूच नये. काढावीच लागली तर ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वर जाऊ नये. पुढे डेव्हिल धावताना दिसला तर त्याच्या मागोमाग जात राहू नये, कारण तो बाजूला न वळता रस्त्यानेच धावत राहतो. थांबावे, दिवे मंद करावेत आणि त्याला उतरू द्यावे. रस्त्यावर मेलेला वॉलबी किंवा पॉसम पडलेला असेल आणि थांबणे सुरक्षित असेल, तर हातमोजे घालून किंवा काठीने तो रस्त्यापासून दूर सरकवावा, म्हणजे त्याच्यावर आलेला डेव्हिल चाकाखाली सापडणार नाही. मेलेला प्राणी मादी असेल तर पिशवीत जिवंत पिल्लू असू शकते. ते ओढून काढू नये, कारण ते स्तनाला घट्ट चिकटलेले असते. ब्रायटनच्या बोनोरोंग अभयारण्याकडून चालवली जाणारी वन्यजीव बचाव सेवा अशा वेळी काय करावे ते दूरध्वनीवर सांगते, म्हणून तिचा क्रमांक निघण्यापूर्वीच मोबाईलमध्ये साठवून ठेवावा, कारण वायव्य किनाऱ्यावर आणि माउंट विल्यमच्या आसपास कित्येक ठिकाणी इंटरनेट मिळत नाही.